तो वाण, ते वाण, ती वाण

बियाण्याच्या दुकानात गेलं की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "कोणता वाण देऊ?" धाराशिवच्या त्या दुकानात मी दर मिरगाच्या तोंडावर जाते आणि हा प्रश्न दर वर्षी ऐकते. यंदा ऐकला आणि माझं तोंडच उघडेना. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सारं आयुष्य मराठी शिकवलेली बाई. शब्दासाठी अडून बसणं माझ्या स्वभावात नाही. उलट जास्त बोलते म्हणूनच माहेरी, सासरी आणि शाळेत सगळीकडं ऐकून घेतलंय.

शेजारी इलियास उभा होता. माझा जुना विद्यार्थी, आता पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप. बेंबळीत त्याच्या आणि आमच्या रानात एकच बांध आहे. त्याला यंदा स्वीटकॉर्न लावायचंय, आणि वाण निवडायला त्यानं मला बरोबर आणलं होतं. "बाई, येडशीच्या रस्त्याला लोक अजून तुमच्या मक्याचं नाव काढतात," असं म्हणाला. त्याला वाटलं मला बरं वाटेल.

वाण हा शब्द मी पोरांना शिकवायचे. फळ्यावर तीनदा लिहायचे. तो वाण म्हणजे पिकाची जात. ते वाण म्हणजे संक्रांतीला बायका एकमेकींना देतात ते. आणि ती वाण म्हणजे उणीव, तुटवडा. घरात मिठाची वाण पडली, असं माझी आई म्हणायची. लिंग बदललं की अर्थ बदलतो, लिहून घ्या. पोरं लिहून घ्यायची आणि विसरायची. मी मात्र इतकी वर्षं शिकवूनही ते तीन शब्द एकाच जागी कधी पाहिले नव्हते. निवृत्तीनंतरच्या एका पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत ते पाहायला मिळाले.

ते दोन वर्षांमागचं. नुकतीच निवृत्त झाले होते, हात रिकामे होते आणि डोकं गरम. आमचे हे कमरेच्या दुखण्यानं घरीच. सोयाबीन सगळेच लावतात, आपण वेगळं काहीतरी लावायचं, असं मी जाहीर करून टाकलं. हे म्हणाले, "लाव. तू लावल्याशिवाय ऐकणार आहेस का?" मग मी स्वीटकॉर्नच्या वाणांची चौकशी सुरू केली. दुकानातून माहितीपत्रकं आणली आणि पेपर तपासायला बसावं तशी तीन संध्याकाळी त्यांच्यात डोकं घालून बसले. कोणता किती दिवसांत येतो, कणीस किती लांब, दाण्याच्या ओळी किती, शेंड्यापर्यंत भरतो का. दुकानदारानं समजावलं, "बाई, एक असतो साधा गोड, एक असतो जास्त गोड. साध्याची गोडी तोडल्या दिवशीच उतरायला लागते. जास्त गोडवाला दोन-तीन दिवस तग धरतो." मी जास्त गोड घेतला. आयुष्यभर पोरांना काठावर पास करणारी मी नव्हतेच.

घरी येऊन पुडकं फोडलं तर आत दाणे कसले, सुरकुतलेल्या चिपा. औषध चोळून गुलाबी केलेल्या, हलक्या. मला वाटलं दुकानदारानं फसवलं. दोन दाणे मुठीत घेऊन मी तशीच रानात गेले, कारण बियाण्याबद्दल विचारायचं तर आमच्या शिवारात एकच माणूस होतं, खातूनआपा.

आपा म्हणजे इलियासची मोठी चाची. नवरा तरुणपणीच गेलेला, एकुलती लेक बार्शीला दिलेली. सत्तरी ओलांडलेली, पाठीत थोडी वाकलेली बाई, पण बांधावरून हाक मारली तर विहिरीवरचा माणूस मान वळवायचा. बांधाच्या मावळतीला तिचा एक तुकडा होता आणि त्यात दर वर्षी मका. तोही पांढरा. त्याला नाव नव्हतं. सगळे आपाचा मका म्हणायचे. तिचं माहेर ईट गावचं. लग्नात निघताना आईनं पदराच्या गाठीत ते बी बांधून दिलं होतं आणि तेव्हापासून एकही पावसाळा तिनं तो मका चुकवला नव्हता. निवडक कणसांची सालं मागं वळवून, वेणी घालून ती आढ्याला टांगायची. पेरणीपुरतं बी गाडग्यात राखेत ठेवायची. तिच्या मक्याला गोडी अशी नव्हती. दाताला काम द्यायचा. गोवरीच्या निखाऱ्यावर भाजला की त्याला एक दुधाळ, जराशी करपलेली चव यायची आणि दोन कणसांत माणसाचं पोट भरायचं. दर वर्षीचं पहिलं भाजलेलं कणीस ती लिंबू-मीठ चोळून बांधावरून माझ्या हातात द्यायची. शाळेतून येताना मी चप्पल न काढता, उभ्यानंच ते खायचे.

तर मी मूठ उघडली. आपानं एक दाणा उचलून डोळ्यांजवळ धरला.

"हे बी हाय?" म्हणाली. "हे तर उपाशी मेलंय की गं."

मी तिला दुकानदाराचं ज्ञान ऐकवलं. साध्या मक्याच्या दाण्यात साखरेचं पीठ बनतं, म्हणून तो टणक भरतो. याच्या दाण्यात साखरेचं पीठ बनतच नाही, म्हणून गोड लागतो, आणि वाळला की आकसतो.

"म्हंजी ह्याला पीठ धरताच येत न्हाय?"

"न्हाय."

"मंग ती गोडी कसली मास्तरणी, ती तर वाण हाय. पिठाची वाण." असं म्हणून तिनं दाणा माझ्या तळहातावर परत ठेवला. "आन ह्याचं बी ठिवायचं का?"

"ठेवून उपयोग नाही आपा. पुढच्या वर्षी तसा येत नाही. दर वर्षी नवं आणायचं."

"मंग पाव्हणाच म्हण."

मला हसू आलं होतं. हसता हसता मी कामाचं बोलून घेतलं. मक्याच्या शेंड्याला तुरा येतो आणि कणसाला केस फुटतात. तुऱ्यातली भुकटी वाऱ्यानं उडून केसांवर पडते तेव्हा दाणा धरतो. माझ्या गोड मक्याच्या केसांवर तुमच्या पांढऱ्याची भुकटी पडली, की माझा दाणा पिठाळ होतो. गोडी जाते. आणि वारा पावसाळाभर मावळतीचा, म्हणजे तुमच्याकडून माझ्याकडं. दोघींचा मका एकाच वेळी तुऱ्यात येता कामा नये. एवढं सांगून झाल्यावर, मास्तरीण ती मास्तरीण, वर म्हणही ऐकवली: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

आपा म्हणाली, "बैलाचं तसं आसंल. मक्याला तर तू म्हणतीस वाण बी लागतो."

"व्हय, लागतो."

तिनं रानाकडं बघितलं. मग म्हणाली, "तू मिरगात पेर. म्या तरण्यात पेरते."

तरणा म्हणजे पुनर्वसूचा पाऊस. मिरगानंतर आर्द्रा, मग तरणा, मग पुष्याचा म्हातारा. इथं पेरणीचं गणित आजही याच नावांवर चालतं, हिंदूचं असो की मुसलमानाचं. मिरग ते तरणा म्हणजे चांगले चार आठवडे. जन्मभर मिरग साधणारी बाई माझ्या हौसेसाठी चार आठवडे मागं सरत होती. मी नुसतं बरं म्हटलं.

"जबान दिली," आपा म्हणाली. "तुझा मका गोड व्हईल."

एक गोष्ट मी त्या दिवशी बोलले नाही. भुकटी दोन्हीकडं उडते. माझ्या मक्याची तिच्याकडं गेली तर तिच्या पांढऱ्या बियाचं काय होईल, हे मी तिला सांगितलं नाही. मला सुचलंच नव्हतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खोटं कशाला, सुचलं होतं. पण वारा उलटा आहे, चार आठवड्यांचं अंतर आहे, मग कशाला विषय काढा, असा हिशोब मी मनातल्या मनात केला.

मिरगात पेरायच्या दिवशी आपा बांधावर उभी होती. माणसं बी टोकत होती, मी मागून फिरत होते. आपानं सरीत बोट घालून पाहिलं आणि ओरडली, "चार बोटं खोल घालतीस व्हय गं? दोन बोटं बास. उपाशी बी हाय ते, वर यायला त्याच्यात ताकद कुठली?" मी म्हटलं, "आपा, वरच्यावर टोकलं तर पाखरं उकरतील. मी वाचलंय सगळं." तीन संध्याकाळी वाचलं होतं ना. आपानं पदरानं तोंड पुसलं आणि शेरडं घेऊन गेली.

पुढच्या आठवड्यात पाऊस असा लागला की काळी माती लोण्यासारखी झाली, आणि मग उघडीप मिळाली तशी वरून पापडी धरली. मी रोज सकाळी जायचे आणि वाकून बघायचे. दहाव्या दिवशी चार बियांत एक वर आलेलं दिसलं. पापडी उकरली तर खाली कुजलेल्या गुलाबी चिपा, बोटाला वास लागायचा. गावातल्या प्रत्येकाला मी सांगून बसले होते की मी वेगळं पीक घेणार. वर्गात पोरगं चुकलं की मी त्याला सगळ्यांसमोर उभं करायचे. आता मलाच उभं राहायचं होतं.

आपा तेव्हा लेकीकडं बार्शीला गेली होती. मी दुकानातून दुसरी पुडकी आणली, त्याच वाणाची, आणि आर्द्रा सरता सरता दोन बायका घेऊन सगळं रान पुन्हा टोकलं. या वेळी दोन बोटं. काम संपत आलं होतं आणि बांधावर आपा. बार्शीहून परतून तशीच रानात आलेली, हातात पिशवी.

"काय चाललंय गं मास्तरणी?"

"काही नाही आपा. नांग्या भरतेय."

ज्यांना शेती ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ओळीत मधेमधे बी उगवत नाही, तिथं खाच पडते, तिला नांगी म्हणतात. तिथं नवीन बी टोकायचं म्हणजे नांग्या भरायच्या. हे सगळ्यांच्या रानात होतं, त्यात लाज नाही. सगळं रानच वाया जाऊन पुन्हा पेरावं लागलं तर ती दुबार पेरणी. आणि दुबार पेरलं असं मी म्हणाले असते, तर आपानं सांगितलं होतं हे कबूल करावं लागलं असतं. म्हणून मी नांग्या म्हणाले. शब्द वापरण्यातच माझा जन्म गेला, मला तो पटकन सापडला.

"बरं," आपा म्हणाली.

चार-पाच दिवसांत तरणा लागला आणि तिनं दिल्या शब्दाला जागून आपला तुकडा पेरला. मी त्या वेळी घरात होते. जाऊन सांगायला पाच मिनिटं लागली असती, की आपा, थांबा, माझं दुबार झालंय, तुम्ही म्हाताऱ्यात पेरा. पाच मिनिटं मला चालवलं नाही.

श्रावण उतरला तेव्हा दोन्ही रानं खांद्याला आली होती. मक्याच्या रानात शिरलं की पानांच्या कडा हाताला कापतात, घामानं तिथं झोंबतं. आत वारा लागत नाही, ओल्या मातीचा आणि हिरव्या ताटांचा गोडसर, कोंदट वास असतो, आणि वर पानं एकमेकांवर घासत असतात. त्या आवाजात मला पूर्वी फार शांत वाटायचं. त्या वर्षी मी रानात उभी राहून नुसती उंची मोजत होते. तिच्या मक्याचं ताट माझ्या ताटाच्या बरोबरीचं. शेतकरी बाईला रोपाचं वय सांगावं लागत नाही. तिला कळलं असणार, हे मला कळत होतं, आणि तरी आम्ही दोघी बांधावर बसून तिच्या लेकीच्या, माझ्या गुडघ्याच्या आणि गावच्या पाण्याच्या गप्पा मारत होतो.

तुरे फुटायच्या दिवसांत एका सकाळी मी रानात गेले तर बांधापलीकडून आवाज येत होता. चक्, चक्. मक्याचा कोवळा तुरा वर ओढला की देठ तुटताना असा आवाज येतो. आपा आपल्या ओळीतून चालली होती. एकेक ताट वाकवत होती, तुरा उपसत होती आणि काखेतल्या गठ्ठ्यात घालत होती. ताटं तिच्यापेक्षा उंच झाली होती. प्रत्येक वेळी टाचा उचलायला लागत होत्या.

"आपा, तुरे कशाला खुडताय?"

"शेरडांना," ती न वळता म्हणाली. "औंदा चारा न्हाय."

श्रावण सरलेला, बांधाबांधाला गवत कमरेएवढं माजलेलं. मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण तुरा गेला म्हणजे तिची भुकटी गेली, माझा मका वाचला, एवढंच माझ्या डोक्यात आलं आणि मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते. पण वाटलं होतं हायसं, ते लिहायलाच हवं. पुढचे सात-आठ दिवस ती रोज येत होती. रोज काही नवे तुरे फुटायचे आणि ती ते उपसायची.

माझा मका उतरला तो असा, की नख लावलं तर दाण्यातून दूध उडावं. श्रावणातल्या सोमवारी रामलिंगाच्या देवळातल्या गर्दीला द्यायचं ठरवलं होतं, ते दुबारमुळं हुकलं. पण येडशीच्या रस्त्याला कणसं विकणाऱ्यांनी सगळा माल उचलला. त्यातल्या एकानं कच्चंच कणीस चावून पाहिलं आणि विचारलं, "बाई, कोणता वाण हाय हा?" मी पुडक्यावरचं नाव ऐटीत सांगितलं. निवड महत्त्वाची असते, असंही वर सांगितलं.

आपाचा मका निघाला तेव्हा मी गेले. खळ्यावर कणसं पडली होती, बोळकी. म्हाताऱ्या तोंडात दात असावेत तसे कुठं चार दाणे, कुठं सहा, मधे नुसतं रिकामं बुरकुंड. आणि त्यातले बरेचसे पिवळट.

"दाणे कमी भरले की हो आपा."

"पाऊस लागला आसंल," ती म्हणाली.

त्या वर्षी तिनं मला भाजलेलं कणीस दिलं नाही. वयामुळं विसरली असेल, असं मी यांना सांगितलं. यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पेपर उघडला.

संक्रांत आली. आमच्याकडं बायका येतात तशी आपाही दर वर्षी यायची, तिळगूळ घ्यायला. हळदीकुंकवाच्या ताटाकडं ती हसून मान हलवायची, पण वाण मी तिलाही द्यायचे, आणि ती घ्यायची. त्या वर्षी मी स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या. आपानं वाटी घेतली, खाली ठेवली आणि पदराची गाठ सोडली. आत दीड मूठ मका. सगळे दाणे पांढरे, एकसारखे, एकही पिवळा नाही.

"हे माझ्याकडून तुला वाण," म्हणाली.

"आपा, वाण तर मी द्यायचं असतं."

"कुणी बी द्यावं." तिनं दाणे माझ्या दोन्ही हातांत ओतले. "मक्याचं बी दोन पावसाळं टिकतं. तिसरा बघत न्हाय. ध्यानात ठिव."

आणि मी काय म्हणाले, तर, "एवढंच?"

"औंदा एवढंच हाय," आपा म्हणाली. तिळगूळ तोंडात टाकला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून निघाली. मी ते दाणे डब्यात टाकून फळीवर ठेवले. हे म्हणाले, "नीट ठेव. आपा उगीच देणाऱ्यातल्या न्हायत."

चैत्रात ती गेली. ताप आला, दोन दिवस अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी गेली. तिच्या चाळिसाव्याला मी त्यांच्या घरी गेले तेव्हा बायका आत होत्या आणि इलियास अंगणात खाट टाकत होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "यंदा आपाचा मका तू पेरणार ना रे?"

त्यानं खाट खाली ठेवली. "बी कुठलं बाई? गाडगं पालथं हाय."

मला समजेना. त्यानं सांगितलं. सरळ सांगितलं, आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"गेल्या साली होतं तेवढं बी तिनं पेरलं. मग तुरं खुडाया लागली. म्या म्हणलो, चाची, आपल्या मक्याला दाणाच धरायचा न्हाय, धरला तर बाईंच्या भुकटीनं पिवळा व्हईल, बी जाईल आपलं. तर म्हणली, बाईनं दुबार पेरलंय. सांगाया लाजली. जबान दिलीय, तिचा मका गोड व्हायला पाह्यजे. लिंबाच्या झाडाआड वारं लागत न्हाय, तितली चार ताटं तेवढी तुऱ्यासकट ठिवली तिनं. आठ दिवस बसून एकेक पांढरा दाणा येचला. ते तुमालाच दिलं न्हवं का?"

"सगळं?"

"सगळं. मला म्हणली, तू सोयाबीन लावशील. बाई ठिवील."

मी घरी कशी आले ते आठवत नाही. डबा काढून मांडीवर घेऊन बसले. येडशीला ज्या गोडीसाठी लोक माझं नाव काढत होते, ती मी निवडलेल्या वाणाची नव्हती. बांधापलीकडं एक म्हातारी टाचा उचलून आपलं माहेर उपसून टाकत होती, म्हणून माझा दाणा गोड राहिला होता. माझ्या खोटेपणाला तिनं लाज म्हटलं. एवढी मोठी सूट मी वर्गात एकाही पोराला दिली नव्हती.

त्या वर्षी मी मका पेरलाच नाही. पांढराही नाही, गोडही नाही. रानात उडीद टाकला. ते दीड मूठ बी मातीत घालायची मला भीती वाटली. माझ्या हातून एकदा कुजलं होतं. एक पावसाळा असाच गेला. यंदा वळवाचा पाऊस झाला तेव्हा डबा उघडला, तर तळाशी पांढरं पीठ आणि काही दाण्यांना बारीक भोकं. किडे लागले होते. निवडले, उन्हात घातले, राखेत चोळले. आता मूठभर राहिलेत. हा दुसरा पावसाळा. तिसरा ते बघणार नाहीत.

आणि नेमका यंदाच इलियास आपाच्या तुकड्यात स्वीटकॉर्न लावायला निघालेला.

दुकानदारानं तीन पुडकी मांडली. एक लवकर येणारा, एक उशिराचा पण कणीस मोठं, एक दोन रंगांचा, पांढरा-पिवळा मिसळ. "हा नवीन आलाय, दिसायला लई भारी," म्हणाला. इलियास दोन रंगांच्या चित्रावर बोट फिरवत होता. लावू नको, असं मी म्हणू शकले असते. जुना विद्यार्थी आहे, ऐकलंही असतं. पण त्याला दोन लेकरं आहेत, आणि वेगळं काही लावायची हौस मलाच होऊ शकते असं थोडंच आहे? मी लवकर येणारं पुडकं पुढं ओढलं.

"हा घे."

"जास्त गोड हाय का बाई?"

"गोड आहे. पण लवकर तुऱ्यात येतो आणि लवकर उरकतो. म्हणून घे." माझी निवडीची रीत एवढी बदलली होती, की माहितीपत्रक मी हातातही धरलं नाही.

दुसऱ्या दिवशी रानात गेले. इलियास सऱ्या पाडून बांधावर टेकला होता. मी डबा त्याच्यापुढं धरला. त्यानं एक दाणा उचलला आणि चाचीसारखाच डोळ्यांजवळ नेला. 

"मंग म्या स्वीटकॉर्न लावू नको का?" त्यानं विचारलं.

"लाव. दोन बोटांच्या वर खोल घालू नकोस. तू मिरगात पेर, मी तरण्यात पेरते."

त्यानं दाणा डब्यात परत टाकला. आवाज झाला तो ऐकून मला वाटलं, एवढासा दाणा, केवढा भरलेला आहे.

"आन माझं उगवलंच न्हाय तर? दुबार करायची पाळी आली तर?"

"तर बांधावर ये आणि मला सांग. नांग्या भरतोय म्हणू नकोस."

तो हसला नाही. मान खाली घालून म्हणाला, "सांगीन बाई."

"जबान?"

"जबान."

मी डब्याचं झाकण लावलं. "सांगितलंस, तर मी म्हाताऱ्यात पेरीन."